कोयत्याचं मत

निवडणूक आली की वर्तमानपत्रात एक फोटो हमखास असतो. मतदान यंत्राच्या पेट्या डोक्यावर घेऊन चार-पाच कर्मचारी ओढा ओलांडताहेत, नाहीतर बोटीत दाटीवाटीने बसलेत. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना पथकं अशी बोटीने जातात. गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेज इथे तर एकाच मतदारासाठी केंद्र लावतात. तो येऊन मत देऊन गेला की शंभर टक्के मतदान! हे वाचलं की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला 'ड्यूटी' केली. लाख, सुतळी, कागदी मोहोर, शाईची बाटली आणि रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपणं, हे सगळं केलेल्या माणसाला त्या फोटोतल्या लोकांच्या पायातला चिखल दिसतो.

पण त्या फोटोत एक गृहीत धरलेलं असतं. ते असं, की मतदार आपल्या जागी बसलेला आहे आणि सरकारने त्याच्यापर्यंत पोचायचं आहे. जंगलात राहो, बेटावर राहो, तो तिथेच आहे. जो माणूस दरवर्षी पाच-सहा महिने आपल्या जागी नसतोच, त्याचं काय?

मी बीड जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावचा. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऊसतोडीला जाणारं नवराबायकोचं जोडपं म्हणजे एक 'कोयता'. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यात 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ती फेडायला हे कोयते टोळीने सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर पार कर्नाटकात जातात. उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहायचं, पहाटे उठून तोडायचं, मोळ्या बांधून गाडी भरायची. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला की परत. साऱ्या महाराष्ट्रात असे मजूर किती, तर कुणी ८ लाख म्हणतं, कुणी १५ लाख. ज्यांची मोजदादच अशी दुपटीच्या फरकाने होते, त्यांच्या मताची काळजी किती बारकाईने घेतली जात असेल, हे तुम्हीच ओळखा.

मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक. मतदार यादीत मात्र दोन नावं, दोन अनुक्रमांक. मला ही यादी म्हणूनच फार मोलाची वाटते. तिथे बाईला कुणाचा अर्धा भाग म्हणून लिहिलेलं नाही. हे सहज झालेलं नाही बरं का. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीची यादी करताना उत्तर आणि मध्य भारतात अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. तेव्हा ते कठोर वाटलं असेल. पण पुढच्या खेपेला बायका नाव सांगायला लागल्या. (आमच्या शाळेच्या जुन्या दाखल्यांवर आईच्या नावाला रकानाच नव्हता, हे जाता जाता सांगतो.)

जानेवारी १९८०च्या लोकसभेला माझी नेमणूक एका तांड्यावरच्या शाळेत होती. हंगाम ऐन भरात. यादीत नावं भरपूर, पण दिवसभर केंद्रावर आले ते म्हातारेकोतारे. बाकी प्रत्येक नावाला पोलिंग एजंट एकच शब्द सांगायचे, 'कारखान्याला.' दुपारी तर मी यादीच चाळत बसलो. घरंच्या घरं, एकेका पानावर आठ-दहा नावं ओळीने, सगळी कारखान्याला. संध्याकाळी पेटी सील केली तेव्हा ती इतकी हलकी होती की बरोबरचा शिपाई म्हणाला, "गुरुजी, डब्बा रिकामाच नेतोय का काय?"

याच्याही पुढचं एक सांगायचं आहे. फेब्रुवारी १९९०च्या विधानसभेला मी केंद्राध्यक्ष होतो. दुपारी चारच्या सुमारास तिशीचा एक गडी आला. सातारा भागातून आदल्या रात्री निघून, एसटी बदलत बदलत पोचला होता. डोळे तांबारलेले. यादीत त्याचं नाव होतं, पण त्यापुढे खूण झालेली. त्याच्या नावावर सकाळीच कुणीतरी मत देऊन गेलं होतं. तेव्हा फोटोची ओळखपत्रं नव्हती, शेषनसाहेबांचा तो आदेश पुढे १९९३ मधला. कोणत्याही एजंटाने सकाळी हरकत घेतली नव्हती. माणूस कारखान्याला गेलेला आहे हे गावाला माहीत असतं, तेव्हा त्याचं नाव हे उघड्यावर पडलेल्या धान्यासारखं असतं, कुणीही उचलावं.

अशा वेळी नियमात एक तरतूद आहे, 'प्रदत्त मत'. खऱ्या मतदाराची खात्री पटली की त्याला वेगळी मतपत्रिका द्यायची आणि ती पेटीत न टाकता वेगळ्या पाकिटात ठेवायची. मी ती दिली. त्याने शिक्का मारला, घडी करून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "ह्ये मोजत्यात का, गुर्जी?"

मोजत नाहीत. पुढे निवडणुकीला कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि कोर्टाने सांगितलं तरच त्या पाकिटाला हात लागतो. मी त्याला तसं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मंग आलो कशाला?" आणि रात्रीच्या गाडीने परत गेला, कारण दुसऱ्या दिवशीचा खाडा त्याला परवडणारा नव्हता.

आता मुद्द्याकडे येतो. इतकी वर्षं हे पाहून माझं मत असं झालं आहे की ऊसतोड मजुराचं मत बुडतं ते कुणी मुद्दाम बुडवतं म्हणून नव्हे. ते बुडतं तारखेमुळे. तारीख ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे कॅलेंडर असतं, त्यात गाळप हंगाम छापलेला नसतो.

माझं म्हणणं अतिशयोक्तीचं वाटत असेल तर महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकांचे महिने ओळीने पाहा. १९७८ फेब्रुवारी. १९८० मध्ये मे, तेव्हा लोक घरी होते. १९८५ मार्च, १९९० फेब्रुवारी, १९९५ पुन्हा फेब्रुवारी. म्हणजे बहुतेक वेळा हंगामात. मग १९९९ मध्ये मुदतीआधीच निवडणूक लागली, लोकसभेबरोबर, सप्टेंबरात. त्यात ऊसतोड्यांचा विचार कुणी केला होता असं नव्हे, राजकारणाचा हिशेब होता. पण त्या एका घटनेने पुढचं सगळं चक्र पावसाळ्याच्या शेवटाला आलं. २००४ ला १३ ऑक्टोबर, २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर. आमच्या गावचे कोयते मत देऊन, दिवाळी करून निघायला लागले. वीस वर्षं नशिबाने मिळालेली ही सोय होती.

आणि मग २०२४. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपणार होती. हरियाणा आणि महाराष्ट्र आधीच्या तीन वेळा एकाच दिवशी मतदान करत आले होते. या वेळी हरियाणाचं मतदान ५ ऑक्टोबरला झालं आणि आपलं वेगळं काढून २० नोव्हेंबरला. कारणं काय सांगितली गेली? पाऊस झाला आहे, याद्यांचं काम बाकी आहे, आणि पुढे गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी असे सण आहेत. कारणं खोटी नव्हती. पण बघा, सणांची यादी झाली, पितृपक्षसुद्धा मोजला गेला! इकडे त्याच राज्यात मंत्र्यांच्या समितीने उसाचं गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरवलं होतं. एक कागद म्हणतो पंधरा तारखेला कारखाना सुरू, दुसरा म्हणतो वीस तारखेला मतदान. धुराडं पेटायच्या आधी टोळी फडात हजर असावी लागते, हे साखरपट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या दोन कागदांची गाठ कुठल्याही टेबलावर पडली नसेल का?

आमच्या गावातून पाडव्यानंतरच्या आठवड्यात टेम्पो हलले. १२-१३ तारखेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा सांगलीकडून फोन आला. आता तो पन्नाशीला टेकला आहे, पण बोलताना अजून चौथीतल्यासारखाच अदबीने बोलतो.

"गुरुजी, मत वीस तारखेला हाय म्हनं?"

"हो रे. येणार का?"

"कसं यावं? दोघांचं जायायचं-यायचं भाडं, दोन दिस मोडत्यात. मुकादम खाडा धरतोय."

हिशेब सोपा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरा. दोन दिवसांचे चौदा-पंधराशे रुपये बुडाले, वर मुकादमाने खाड्याचा दंड कापला, वर दोघांचं गाडीभाडं. तीन हजारांच्या आसपास गेले. आपण शहाणी माणसं मतदानाच्या सुट्टीला महाबळेश्वरला जाणाऱ्यांवर अग्रलेख लिहितो. हा मनुष्य तीन हजार देऊन मत द्यायचं की नाही याचा विचार तरी करत होता. तो आला नाही. त्याची बायकोही अर्थात आली नाही.

त्याच्या शेजारच्या टोळीतले लोक मात्र आले. एका उमेदवाराच्या माणसाने जीपगाड्या पाठवल्या होत्या. (पक्ष कुठला ते विचारू नका, पुढच्या वेळी दुसरा पाठवेल.) गाडीत बसताना जेवण, उतरल्यावर हातात चिठ्ठी आणि मत झालं की परत गाडीत. आता हे लोक गुप्तपणे कुणालाही मत देऊ शकत होते, हे मान्य. पण ज्याच्या गाडीतून आलो आणि ज्याच्या गाडीतून परत जायचं आहे, त्याच्याविरुद्ध मत द्यायला माणसाला जरा जास्तच छाती लागते.

गंमत पुढेच आहे. उमेदवाराने मतदारांना फुकट वाहनाने नेणं हा १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार आहे, कलम १२३. मतदारांनी स्वतः वर्गणी काढून भाड्याने वाहन केलं तर दोष नाही, पण तिथेही अट आहे की ते यंत्रशक्तीवर चालणारं नसावं. म्हणजे बैलगाडी चालेल, जीप नाही! १९५१ मध्ये हे ठीक होतं, तेव्हा मतदान केंद्र पलीकडच्या गावात असायचं. आता मतदार चारशे किलोमीटरवर आहे. ऊसतोड्यांकडे बैलगाड्या असतात हे खरं, पण कोल्हापूरहून बीडला बैलगाडीने मताला यायचं तर मतमोजणी होऊन शपथविधीही उरकलेला असेल. बाकी एसटीने स्वतःच्या खर्चाने येण्याला कायद्याची आडकाठी नाही.

त्याच कायद्यात १३५ ब असं एक कलम आहे, १९९६ मध्ये घातलेलं. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी, रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाचा रोज मिळावा. न देणाऱ्या मालकाला दंड, जास्तीत जास्त पाचशे रुपये. कलमाचा हेतू उत्तम. पण ऊसतोड्याचा मालक कोण? कारखाना म्हणतो आम्ही मुकादमाशी करार केला. मुकादम म्हणतो मी काय मालक? आणि पैसे टनावर. न तोडलेल्या उसाचे टन कसे मोजायचे? एका दिवसाच्या सुट्टीत चारशे किलोमीटर जाऊन येणंही होत नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिरणीचा भोंगा होता, उसाचा फड नव्हता.

तारखेबद्दल मी काही अचाट मागणी करतो आहे असं नाही. मुदत संपायच्या आधी सहा महिन्यांच्या आत कधीही निवडणुकीची अधिसूचना काढता येते. २०२४ मध्ये ऑक्टोबरचा पहिला आठवडा कायद्याने मोकळा होता, हरियाणाने तो वापरलाच. लोकसभेची गोष्ट हल्ली बरी आहे. बीडचं २०२४चं मतदान १३ मे रोजी झालं, तेव्हा बहुतेक कोयते घरी होते. तिथे निकाल लागला ६,५५३ मतांनी. अख्ख्या लोकसभा मतदारसंघात एवढाच फरक! कोण जिंकलं, कोण हरलं हा माझा विषय नाही. पण हीच निवडणूक डिसेंबरात झाली असती तर किती गावं केंद्रावर आलीच नसती, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था ग्रामपंचायतीची. १५ जानेवारी २०२१ला राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान ठेवलं होतं. जानेवारीच्या मध्यावर! करोनामुळे आधीच्या तारखा पुढे गेल्या होत्या हे कारण मला माहीत आहे. तरीही, जिथे पाच-दहा मतांनी सदस्य निवडून येतो, पाणी कुठल्या वस्तीला आधी जाणार हे ठरतं, तिथे निम्मी वस्ती फडात. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा नाही. म्हणजे साखर संकुल आणि आयोग दोन्ही आपल्याच राज्यात. एका फोनचं काम आहे.

आता यादीकडे वळतो. कारण तारीख सोयीची असूनही यादीत नाव नसेल तर माणूस केंद्रावरून हात हलवत परत जातो.

यादीत नाव कुणाचं? जो त्या जागी 'सामान्यतः राहणारा' आहे त्याचं. मराठी शिकवलेल्या माणसाला 'सामान्यतः' या शब्दाशी चार घटका खेळावंसं वाटतं. वर्षातले सहा महिने जो बाहेर, तो गावात सामान्यतः राहतो की फडात? पण कायदा करणारे आपल्यापेक्षा शहाणे होते. १९५०च्या कायद्याच्या विसाव्या कलमात सरळ लिहिलं आहे की राहत्या जागेपासून तात्पुरता दूर गेल्याने कुणी तिथला रहिवासी असण्याचं थांबत नाही. ऊसतोड्यासाठीच लिहिल्यासारखं वाक्य आहे! पण हे वाक्य यादी तपासायला दारात येणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. वार्षिक तपासणी होते १ जानेवारीच्या तारखेवर डोळा ठेवून, म्हणून घरभेटी बहुधा पावसाळा सरताना किंवा दिवाळीच्या आगेमागे. तो येतो तेव्हा दाराला कुलूप. शेजारी सांगतो, 'गेलेत.' कागदावर येतं, 'स्थलांतरित.' 'गेलेत' आणि 'स्थलांतरित' या दोन शब्दांत केवढं अंतर आहे! पहिल्यात परत येणं गृहीत आहे.

मी या घरोघर जाणाऱ्यांना दोष देणार नाही. ते माझ्याच जातीचे, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका. वर्ग सांभाळून दीड हजार नावं तपासायची, वर रोज अहवाल.

याच कारणाने मी २०२५ मध्ये बिहारच्या बातम्या लक्ष देऊन वाचत होतो. बिहारचा मजूर आणि आमचा कोयता एकाच वाटेचे प्रवासी. तिथे यादीची विशेष फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. मयत, दुबार नोंद आणि मोठा हिस्सा 'कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत' असा. त्यात खरोखर मयत आणि दुबार असणारच. मेलेल्यांची नावं यादीत राहणं हेही चांगलं नाही, उघड्यावरच्या धान्याचं मी वर सांगितलंच. पण वगळलेल्यांची नावं कारणांसह जाहीर करा, हे १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. हे न सांगता व्हायला हवं होतं. ज्याचं नाव जातं त्याला ते कळलं पाहिजे, आणि तो घरी असताना कळलं पाहिजे. आपल्या राज्यातल्या कुठल्याही फेरतपासणीबद्दल मी दोनच गोष्टी विचारीन. महिना कोणता, आणि 'कायमचे' हे कुणी ठरवलं?

माझं साधं म्हणणं असं की ऊसतोडीच्या तालुक्यांत घरभेटी मे ते जुलैमध्ये कराव्यात. २०२२ पासून वर्षातून चार पात्रता तारखा झाल्या आहेत, १ जुलै ही त्यातली एक. मग अडचण कसली?

काही तरुण मित्र म्हणतात, गुरुजी, तुम्ही जुन्या जमान्यात आहात, मतदार गावी येण्याऐवजी मतच कारखान्यावरून द्यायचं. कल्पना नवी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानेच दूरस्थ मतदानाचं यंत्र तयार असल्याचं सांगितलं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान होईल असं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, आणि विषय तिथेच राहिला. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मूत आणि दिल्लीत खास मतदान केंद्रं असतात, सैनिकांना टपाली मत आहे, २०२४ पासून पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरी येऊन मत घेतात (मला अजून अकरा वर्षं थांबायचं आहे). म्हणजे इच्छा असली की वाट काढता येते.

तरी कारखान्यावरच्या मतदानाला माझं मन सहज होकार देत नाही. फडात राज्य मुकादमाचं. उचल त्याच्याकडून, आजारपणात पैसे त्याच्याकडून. तिथे केंद्र लावलं तर रांग तो लावणार आणि चिठ्ठ्या तो वाटणार. पूर्वी मतपत्रिका मोठ्या पिंपात मिसळून मोजायचे, कुठल्या गावाचं मत कुठे गेलं कळायचं नाही. यंत्र आल्यापासून केंद्रागणिक आकडा बाहेर पडतो. एका फडावरची साठ-सत्तर मतं वेगळी दिसली तर मुकादमाला हिशेब करायला कॅल्क्युलेटर लागणार नाही. टपाली मताचा अनुभव तर मी स्वतःच घेतला आहे. दुसऱ्यांची मतं घेता घेता माझी स्वतःची टपाली मतपत्रिका एकदा हातात पडली ती निकाल लागल्यावर दोन दिवसांनी. कार्यालयात विचारलं तर 'टपालाचा दोष' म्हणाले, टपालवाले म्हणाले 'कार्यालयाचा'. आता मतदान कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाच्या जागीच मत देता येतं, ते फार चांगलं झालं. पण शिकलेल्या, पत्ता असलेल्या शिक्षकाची ती गत, तर कोपीला टपाल कोण पोचवणार?

म्हणून मला एसटी बरी वाटते. हसू नका. पंढरपूरच्या यात्रेला आपलं महामंडळ हजारो गाड्या सोडतं, ती शिस्त त्यांना जमते. तारीख हंगामात येणं अगदीच टळत नसेल, तर प्रशासनाने कारखान्यांकडून कोयत्यांची यादी घ्यावी आणि मतदानाच्या आदल्या रात्री सरकारी खर्चाने गाड्या सोडाव्यात. आणि दोन दिवस कारखान्यानेच तोडणी बंद ठेवावी, म्हणजे खाड्याचा प्रश्न उरत नाही. नाव-गाव असलेली यादी नाही असंही नाही. ऊसतोड कामगार महामंडळासाठी ग्रामसेवकांनी मजुरांची नोंद करून ओळखपत्रं दिली आहेत, आणि त्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातून गाड्यांचं डिझेल निघायला हरकत नसावी. मतदाराने तिकीट न काढता यावं, पण उमेदवाराच्या उपकारात येऊ नये, यासाठी याहून साधा उपाय मला सुचत नाही. याने कर्नाटकात गेलेल्यांचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, हे मला कळतं. त्यांच्यासाठी तारीख हाच उपाय.

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ला झाली. मधेच बरखास्त झाली नाही तर ती डिसेंबर २०२९ मध्ये संपते. कुणी काहीच केलं नाही तर मतदान पुन्हा नोव्हेंबरात पडणार, हे आजच दिसतं आहे. तेव्हा 'वेळ मिळाला नाही' हे कारण चालू नये.

मी या सगळ्याचा दोन पानी अर्ज करून जिल्ह्याच्या आणि राज्याच्या निवडणूक कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवला आहे. पोच आली, उत्तर यायचं आहे. तोवर आम्ही तीन निवृत्त मास्तरांनी एक ठरवलं आहे. मेच्या शेवटी टोळ्या गावात आल्या की शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी मतदार यादी मोठ्याने वाचायची, घर क्रमांकाप्रमाणे. ज्याचं नाव गेलं असेल त्याचा सहा नंबरचा फॉर्म तिथेच भरायचा. बायकांची नावं आधी वाचणार आहोत, कारण त्यांना भाकरीला लवकर जायचं असतं.